दंडावरची बोटं

प्लेटलेट्स ही रक्तातली भलतीच मानी जमात. थंडीत ठेवल्या तर बिघडतात, जोरात हलवल्या तर बिथरतात, आणि दुपार टळली की कुठल्याच कामाच्या राहत नाहीत. म्हणून संस्थेच्या वरच्या मजल्यावरच्या त्या प्रयोगशाळेत रोजची सकाळ ताज्या रक्ताने सुरू व्हायची. रक्त द्यायला कोणी ना कोणी लागायचंच. कधी विद्यार्थी, कधी कारकून, कधी शेजारच्या विभागातली, भिडेखातर आलेली माणसं. अट एवढीच, की माणूस धडधाकट हवा आणि त्याने आठवडाभरात दुखण्यावरची गोळी घेतलेली नको.

त्या दिवशी ग्रंथपाल खुर्चीत बसले, बाही वर केली आणि मग सहज म्हणाले, "काल दाढ ठणकत होती म्हणून एक गोळी घेतली. चालेल ना?"

"नाही चालणार," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या.

"एका गोळीने काय होतंय?"

"एका गोळीने तुमच्या प्लेटलेट्स आठवडाभर बहिऱ्या होतात. आणि आमचं सगळं काम त्यांच्या कानांवर चालतं."

ग्रंथपालांनी बाही खाली केली. सुटल्याचा आनंद लपवायचा त्यांनी बराच प्रयत्न केला.

या मॅडमना घरी सगळे धाकटी म्हणायचे. घर दुमजली. वर धाकटी आणि तिचा नवरा, जो कामानिमित्त निम्मा महिना बाहेरगावी असायचा. खाली थोरला दीर आणि थोरली जाऊ. जावाजावांचा उभा दावा म्हणतात, पण या दोघींचं गूळपीठ होतं. थोरलीचं कोपऱ्यावर शिवणाचं दुकान होतं आणि तिची जीभ तिच्या कात्रीइतकीच धारदार होती. "आमची धाकटी रक्ताच्या चहाड्या ऐकते आणि त्याचा पगार घेते," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. त्यात चूक काहीच नव्हती. रक्त गोठताना पेशी एकमेकींना काय सांगतात, हाच धाकटीच्या संशोधनाचा विषय होता.

आणि नेमकी त्याच सकाळी थोरली प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"अगं, किल्ली आत राहिली आणि दार लागलं. तुझ्याकडची दे."

धाकटीने किल्ली दिली. मग तिच्याकडे नीट पाहिलं. धडधाकट बाई, पन्नाशीच्या आतली.

"वहिनी, इतक्यात काही गोळी-बिळी घेतलीत?"

"मी कशाला घेतेय?"

"मग थोडं रक्त द्याल?"

"बघा! किल्ली मागायला आले तर ही रक्त मागते," थोरली म्हणाली आणि खुर्चीत बसलीही. परिचारिकेने नेहमीचे प्रश्न विचारले. कसला आजार? नाही. जखम झाली तर रक्त फार वाहतं का? "चारचौघींसारखंच," थोरली म्हणाली. तिने लांब बाही वर सारली. उन्हाळा असो की पावसाळा, ती लांब बाह्यांचेच कपडे शिवून घालायची.

सुई निघाली, कापूस लागला, पण रक्त थांबेना. परिचारिकेने कापूस बदलला. मग पुन्हा बदलला. थोरलीने शांतपणे स्वतःच्या पर्समधून कापसाची पुरचुंडी काढली. "माझी चामडीच पातळ. दाबून धरते जरा वेळ, तू बाकीची कामं उरक." घट्ट पट्टी बांधून घेऊन, किल्ली घेऊन ती गेली.

प्रयोगशाळेत धाकटीची विद्यार्थिनी यंत्रापाशी बसली. ते यंत्र तसं साधं. रक्त हळूहळू फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर प्लेटलेट्सनी गढूळ झालेला पिवळसर द्रव राहतो. त्यातून प्रकाशाचा झोत सोडायचा. मग एक थेंब टाकायचा, जखमेपाशी चिकटलेली पहिली प्लेटलेट बाकीच्यांना हाक मारायला जो पदार्थ सोडते, त्याचा. हाक ऐकली की सगळ्या एकमेकींना धरतात, गुठळ्या होतात, द्रव नितळतो आणि प्रकाश आरपार जातो. पडद्यावरची रेघ चढते आणि वरच राहते. वर्षानुवर्षं रोज हेच.

"मॅडम," विद्यार्थिनी म्हणाली, "हे बघा ना."

रेघ थोडी चढली होती आणि मग घसरगुंडीवरून उतरावी तशी खाली आली होती. प्लेटलेट्सनी हाक ऐकली होती, एकमेकींचा हात धरला होता आणि सोडूनही दिला होता.

"थेंब शिळा असेल," धाकटी म्हणाली. नवा काढला. तेच. मग तिने स्वतःची बाही वर केली. तिचं रक्त, तोच थेंब, तेच यंत्र. रेघ चढली आणि वर राहिली. म्हणजे यंत्रात खोट नव्हती.

धाकटी स्टुलावर बसली. 

तिचा सगळा खटाटोप एका प्रथिनासाठी चालला होता. पेशीच्या कानाने हाक ऐकली, तरी ती पेशीच्या मुठीपर्यंत कोणीतरी पोचवावी लागते. ही निरोपानिरोपी बरीच लांबलचक असते. त्यातल्या एका दुव्याला प्रयोगशाळेत सगळे 'निरोप्या' म्हणायचे. धाकटीचं म्हणणं असं, की मूठ वळायला निरोप्या लागत नाही, पण वळलेली मूठ घट्ट राहायला तोच लागतो. हे खरं निघालं, तर पुढे कधी तरी असं औषध करता येईल की जखम भरेल, पण हृदयाच्या नळीत गुठळी माजणार नाही. उंदरांत तिने हे दाखवलं होतं. पण शोधनिबंध पाठवला की उत्तर ठरलेलं यायचं: उंदरांचं ठीक आहे, माणसांचं काय? निरोप्या जन्मतःच नाही असा माणूस शोधायला तिने देशोदेशीच्या डॉक्टरांना विचारलं होतं. आणि तो माणूस खालच्या मजल्यावर राहत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पहिली लाट आनंदाची होती, हे तिने पुढे कधी नाकारलं नाही. तिला उठून नाचावंसं वाटलं. दुसरी लाट यायला फार वेळ लागला नाही.

नवी सून म्हणून ती त्या घरात आली, तेव्हा एकदा थोरलीची बाही भांडी विसळताना वर गेली होती. दंडावर निळीजांभळी चार बोटं उठली होती. "कपाट लागलं," थोरली म्हणाली. कपाटाला बोटं नसतात, एवढं धाकटीला कळत होतं. दीर अवजड ट्रकचा मेकॅनिक, पंजे फावड्यासारखे, आणि तोंडातून दिवसाला मोजून चार शब्द. कित्येक महिने ती वरच्या मजल्यावर कान देऊन असायची. खालून कधी चढा आवाज आला नाही. हळूहळू तिने विचारणं सोडलं. पण भावजींशी ती कधी मोकळेपणाने बोललीही नाही. आता तिच्यासमोर ती घसरलेली रेघ होती आणि त्या रेघेत त्या चार बोटांचा हिशेब स्वच्छ लागत होता: असं रक्त असलं, तर नुसतं हलकेच धरलं तरी ते कातडीखाली पसरतं आणि डाग उठतात.

विभागाच्या सरांनी आलेख पाहिला. त्यांचा चष्मा हातातच राहिला. मग ते जबाबदार माणसासारखे बोलले. "नात्यातली बाई आहे. तिला तपासणं, सांगणं, तुझ्याकडे नको. रक्तविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठव. त्यांनी पुन्हा नमुना घ्यावा. तिची इच्छा असेल तरच आपण पुढे."

तसंच झालं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं. प्लेटलेट्स भरपूर होत्या, त्यांचे कान शाबूत होते, आत निरोप्या तेवढा नव्हता. त्यांनी थोरलीला समोर बसवून सगळं समजावलं, कुठल्या गोळ्या कधीच घ्यायच्या नाहीत ते सांगितलं, ऑपरेशनची वेळ आली तर आधी काय तयारी करायची तेही सांगितलं. धाकटी बाजूला बसून होती.

दुकानात परत आल्यावर थोरलीने शटर अर्धं खाली ओढलं आणि चहा टाकला.

"म्हणजे तू इतकी वर्षं रक्त आटवलंस," ती म्हणाली, "आणि माझं आटतच नाही!"

दोघी हसल्या. मग थोरली हसायची थांबली.

"बाळंतपणात मी मरता मरता वाचले. सगळ्यांना वाटलं, नाजूकपणाचं सोंग करते. दाढ काढली तेव्हा दोन उशा भिजल्या. पांढरं कापड मी शिवायला घेत नाही, ते का? सुई टोचली की अख्ख्या ताग्याला डाग. लोक म्हणतात, बाईचे नखरे. मला वाटायचं, सगळ्यांचंच असं असेल, मीच भित्री." तिने बाही वर केली. दंडावर पिवळट पडलेला एक जुना डाग होता. "हे बसमधून उतरताना. कंडक्टरने हात दिला होता."

"वहिनी..."

"माझी आई मरेपर्यंत यांच्याशी धड बोलली नाही. मी शपथा घेतल्या. तिला वाटायचं, मी झाकतेय. जितकं सांगावं तितकं तिला जास्त खरं वाटायचं. ती गेली ते तसंच मनात घेऊन. आणि दादा अजून आमच्या घराची पायरी चढत नाही."

धाकटी मान खाली घालून चहा ढवळत राहिली. साखर कधीच विरघळली होती.

"मलाही तसंच वाटायचं," ती शेवटी म्हणाली.

"ठाऊक आहे मला. यांनाही ठाऊक आहे."

संध्याकाळी भावजी गॅरेजमधून आले, तेव्हा थोरलीने त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत हात धूत राहिले, वंगण निघालं तरी धूत राहिले. धाकटीने धीर करून विचारलं, "भावजी, इतकी वर्षं तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?" ते म्हणाले. "मी बायकोला मारत नाही, असं सांगत फिरणारा माणूस कसा दिसतो, तूच सांग." मग टॉवेलला हात पुसत, जरा थांबून, "मी हिला गर्दीत धरायचंच सोडलं. पडली तर पडू दे म्हटलं, निदान बोटं तरी उठणार नाहीत."

सुट्टीच्या दिवशी दोघी जावा थोरलीच्या भावाकडे गेल्या. तो मोटार शिकवायचा. शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून बसून त्याच्या चेहऱ्यावर कायमची सावधगिरी आली होती. सासरची थोरली तिथे छोटी होती.

"बस, छोटे," तो म्हणाला. "तुम्हीही बसा. हिचा नवरा कसा आहे, ते मी विचारणार नाही."

धाकटीने सांगायला सुरुवात केली. भरल्या सभागृहात बोलायची तिला सवय होती, पण त्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी तिची जीभ जड झाली. तिने हाकेचं सांगितलं, मुठीचं सांगितलं, निरोप्याचं सांगितलं. भावाने मधे एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून तो म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या आहात. खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण तुम्ही त्याच घरातल्या. आपला तो बाळ्या, असं असतंच."

"दादा, कागद आहे डॉक्टरीणबाईंचा."

"कागदाने बोटं कशी उठतील गं? पाची बोटं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत."

थोरली उठली. तिने बाही खांद्यापर्यंत वर केली आणि त्याच्यासमोर दंड धरला.

"धर."

"काय?"

"दंड धर. शाळेत जाताना रस्ता ओलांडताना धरायचास, तसा. तेवढाच."

"वहिनी, नको," धाकटी म्हणाली. "याची काही गरज नाही. अहवालात सगळं..."

"अहवाल तुला कळतो. याला हेच कळेल."

भावाने बहिणीचा दंड धरला. खरोखर तेवढाच, शाळेच्या रस्त्यावर धरतात तेवढा. धाकटी बघत होती आणि तिच्या अंगातली मुरलेली सवय गप्प बसेना.

"आता माझाही धरा," ती म्हणाली.

"तुमचा कशाला?"

"तुलना नको का? नुसत्या एका दंडावरून काय ठरणार? त्याच हाताने, तितक्याच जोराने."

तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. पण त्याने धाकटीचाही दंड धरला, आणि न राहवून थोरली मोठ्याने हसली. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच बघ!"

दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानात आला. घरी नव्हे, दुकानात. धाकटी संस्थेतून परतताना तिथेच थांबली होती. थोरली बटणं लावत बसली होती. तिने काही न बोलता सुई खोचून ठेवली आणि बाही वर केली. चार बोटं आणि अंगठा. जांभळी, ठसठशीत. बोटांच्या पेरांमधली जागासुद्धा दिसत होती. धाकटीनेही आपली बाही वर केली. तिथे काहीच नव्हतं.

भावाने आपला हात पुढे केला, बहिणीच्या दंडावर टेकवला नाही, नुसता वर धरला. बोटांवर बोटं बरोबर बसत होती. तो शिवणयंत्राच्या स्टुलावर बसला.

"आई गेली गं," तो म्हणाला.

"हो."

"शेवटी मला सांगत होती, छोटीकडे लक्ष ठेव. म्हणून मी..."

"ठाऊक आहे, दादा."

 धाकटीला एकदम वाटलं, आपण इथे नको होतो. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की इतकी वर्षं काचेच्या नळ्यांतून आपण जे बघत होतो, ते कुठे जाऊन पोचतं हे आजच दिसलं. एक निरोप पेशीच्या आत पोचत नाही, आणि त्यापायी एका घरात निम्मं आयुष्य कोणाचंच बोलणं कोणापर्यंत पोचत नाही. हे कुठल्या शोधनिबंधात लिहिणार होती ती? तिथे फक्त रेघ जाणार होती.

तेवढ्यात शटर बंद करायला म्हणून भावजी आले. दारातच थबकले. भाऊ उठून उभा राहिला. दोन थोराड माणसं त्या चिमुकल्या दुकानात कापडांच्या ढिगाऱ्यात समोरासमोर उभी राहिली, आणि धाकटीला वाटलं, आता माफीचे शब्द येतील, डोळ्यांना पाणी येईल.

"गाडी बाहेर तुमचीच का?" भावजींनी विचारलं.

"हो."

"क्लच जळाल्याचा वास येतोय."

"शिकाऊ पोरं. दिवसभर पाय दाबून धरतात."

"प्लेट गेली असेल. उद्या घेऊन या, बघतो."

"सकाळी चालेल?"

"चालेल."

एवढंच. थोरलीने कपाळावर हात मारला. "देवा रे! आयुष्यभर तोंड बंद, आणि उघडलं ते क्लचसाठी!" पण तिचा आवाज ओला होता आणि भावाने जाताना मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली, जरा चुकल्यासारखी, चटकन.

थोरलीने संशोधनाला होकार दिला, पण आपल्या पद्धतीने. "माझं नाव घालणार?"

"नाही. तसा नियमच आहे. 'एक स्त्री, वय अमुक', एवढंच."

"अठ्ठेचाळीस घाल. उगाच पन्नास नको."

भावानेही रक्त दिलं. त्याच्या प्लेटलेट्समध्ये निरोप्या निम्माच निघाला, पण निम्म्यावरही त्यांचं छान भागत होतं. म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून निरोप्याच्या जनुकाची एकेक चुकीची प्रत थोरलीच्याच वाट्याला आली होती. सुईच्या जागी कापूस दाबून धरत भावाने विचारलं, "आईतही हे थोडं असणार म्हणता?"

"असणारच," धाकटी म्हणाली. "निम्मं."

त्याने कापूस टाकून दिला आणि बाही खाली ओढली.

शोधनिबंध छापून यायला पुढे पुष्कळ काळ गेला. परीक्षकांनी 'माणसांचं काय' असं विचारलं नाही, पण 'एकाच माणसावरून काय सिद्ध होतं' असं मात्र विचारलं, आणि ते योग्यच होतं. दूरच्या एका देशातून एका डॉक्टरांचा निरोप आला, की आपल्याकडेही अशी एक मुलगी आहे, फार लवकर डाग उठतात, शाळेने आईबापांची चौकशी लावली आहे. धाकटीने सगळी कामं बाजूला सारून त्यांना त्याच दिवशी उत्तर लिहिलं.

आणि इकडे थोरलीच्या भावाच्या गाडीत हल्ली फार बिघाड होतात. क्लच झाला, मग ब्रेक झाले, परवा तर नुसता हॉर्न. थोरला दीर गाडीखाली आडवा पडलेला असतो, भाऊ शेजारी उकिडवा बसून पाने देत असतो, आणि दोघांचं तासन् तास काही ना काही बोलणं चाललेलं असतं. काय बोलतात ते थोरलीला अजून कळलेलं नाही. तिने विचारलेलंही नाही.